मिरगी नसलेल्या फिट्स आणि बौद्धिक अक्षमता: नेहमीची थेरपी की बदलून घेतलेली?

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे, त्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. चार वर्षं त्याला फिट येत होत्या. कांदा हुंगवून झाला, गोळ्यांचे डोस वाढवून झाले. शेवटी व्हिडिओ ईईजी (चित्रीकरण करत मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणारी तपासणी) चालू असतानाच झटका आला आणि आलेखात मिरगीची खूण दिसली नाही. झटका खराच, तो नाटक करत नाही. ताण सोसेनासा झाला की त्याचं अंग असं बोलतं. डॉक्टरांनी बोलून करायचा उपचार सुचवला. नाशिकमध्ये आम्ही त्याचे दोन्ही प्रकार पाहिले: नेहमीचा, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी बदलून घेतलेला.

एक आधीच सांगते. बौद्धिक अक्षमता असलेल्या साधारण पाचांतल्या एकाला मिरगीही असते, आणि दोन्ही तऱ्हेचे झटके एकाच माणसाला येऊ शकतात. त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टने सांगितल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.

नेहमीच्या सीबीटीत (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) तासभर बसायचं, झटक्याआधी मनात काय आलं ते वहीत लिहायचं, मग ते विचार तपासायचे. ज्याला लिहिता येतं, कालचं क्रमाने सांगता येतं, त्याने हीच घ्यावी. मात्र झटके लगेच थांबतील असं धरून चालू नका. असे झटके येणाऱ्या ब्रिटनमधल्या ३६८ प्रौढांच्या चाचणीत (२०२०) वर्षभराने सीबीटी घेतलेल्यांचे महिन्याचे झटके ती न घेतलेल्यांपेक्षा ठळकपणे कमी नव्हते. रोजचं जगणं मात्र सुधारलं होतं.

या नेहमीच्या थेरपीसाठी आम्ही कॉलेज रोडला जायचो. मॅडम विचारायच्या, "समजलं ना?" "हो." पाच बैठका तो नुसता हो म्हणत होता. परतताना रिक्षात विचारलं, काय सांगितलं रे? "मॅडम चांगल्या आहेत." आयुष्यभर 'हो' म्हटलं की लोक खूश होतात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्या 'हो'वर उपचार उभा राहत नाही.

बदलून घेतलेली थेरपी इंदिरानगरला: अर्धाच तास, तोच वार, तीच खोली. कागदावर माणसाची आकृती आणि खडू. त्याने पोटात तपकिरी रंग गिरवला आणि म्हणाला, "गरगर." कधी होते? "पाकिटं." तीन बैठकांनी उलगडा झाला: कार्यशाळेत पाकिटं करायला शिकवणारे सर नोकरी सोडून गेले होते, आणि ते का येत नाहीत हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

इथे बैठका जास्त लागतात, खर्चही वाढतो. थोडा वेळ आईलाही आत घेतात: झटक्यात हात दाबून धरायचे नाहीत, तोंडात पाणी घालायचं नाही, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, एकानेच हळू बोलायचं. पण काही वेळ तो एकटाच हवा, घरच्यांसमोर न सांगता येणारंही असतं. ज्याला फारसे शब्दच नाहीत, त्याच्यासाठी आधी घरच्यांचं शिक्षण आणि दिनक्रमातले बदल.

निवडताना थेरपिस्टला विचारा: "त्याला समजलं हे तुम्ही कसं ओळखाल?" 'त्याच्याकडून करून घेऊन' असं उत्तर आलं तर तिथेच थेरपी घ्या, नाहीतर दुसरीकडे बघा. थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची (अशा तज्ज्ञांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे का, तेही पाहा. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन मोफत, मराठीतही बोलतात.

भावाचे झटके अजून येतात. पण आता गरगर सुरू झाली की तो खिशातला तपकिरी खडू काढून आईच्या हातात देतो.