दोन बाटल्या जोडायच्या की एकीचं बूड कापायचं?

ट्रेकवर पाणी गाळायचा फिल्टर घेऊन झालाय, सोबत आलेली पाणी भरायची मऊ पिशवी एकतर फाटलीय नाहीतर फाटायच्या बेतात आहे, आणि आता हाच फिल्टर साध्या कडक बाटलीवर कसा चालवायचा इथं येऊन तुम्ही अडलाय असं धरून लिहितोय. मीपण इथंच अडलो होतो. माझी पिशवी महिपतगडाच्या वाटेवर करवंदीच्या जाळीत गेली. जाळीतून सॅक ओढून काढताना बाहेरच्या कप्प्यातली पिशवी घासली आणि काट्यानं इतकं बारीक भोक पाडलं की ते मला दुसऱ्या दिवशी सॅक ओली झाल्यावर कळलं. चिकटपट्टी लावून बघितली, दोन तास टिकली. पिशव्यांवरून माझा जीव तेव्हापासून उडाला तो उडालाच. कोकणात चालायचं म्हणजे करवंद, बोर, बाभूळ यांच्याशी गाठ आहे, त्यामुळे पिशवीवाल्यांची बाजू मी इथं फार मांडणार नाही, आधीच सांगतो.

आट्यांचं एकदा बोलून घेऊ. सॉयर स्क्वीझ, प्लॅटिपस क्विकड्रॉ या फिल्टरांचे आटे २८ मिमीचे, म्हणजे कोल्ड्रिंकच्या बाटलीला बसणारे. कटाडिन बीफ्री ४२ मिमीचा, तो कोल्ड्रिंकच्या बाटलीवर बसायचं नाव नाही, त्यामुळे तो घेतला असेल तर पुढचं वाचून हळहळ करू नका. आणि स्टँडवर मिळणाऱ्या पाण्याच्या बाटल्यांचा भरवसा धरू नका, काहींच्या माना आखूड आणि आटे वेगळेच असतात, दीड वेढा फिरून बसल्यासारखं वाटतं आणि दाबलं की बाजूनं पिचकारी उडते. थम्सअप, स्प्राईटची बाटली आजपर्यंत मला बसली नाही असं झालेलं नाही. घरातल्या स्टीलच्या बाटलीच्या आट्यांना तर काही धरबंधच नाही, ती फक्त चांगलं पाणी भरायला.

तर माझ्यासमोर दोनच रस्ते उरले. एक म्हणजे कपलर. दोन्हीकडून आटे असलेला प्लास्टिकचा छोटा तुकडा, तो फिल्टरच्या खालच्या तोंडाला लावायचा आणि त्यात चांगल्या पाण्याची बाटली फिरवायची. घाण पाण्याची बाटली वर उलटी, मधे फिल्टर, खाली चांगली बाटली. दिसायला वाळूच्या घड्याळासारखं, एकदम नीटनेटकं. दुसरा म्हणजे सव्वादोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचं बूड कापायचं, ती उलटी टांगायची, मानेला फिल्टर लावायचा आणि खाली हातभर पाइप सोडायचा. दिसायला अगदी गावठी.

मी अर्थातच आधी कपलर घेतला.

घरी नळाच्या पाण्यावर झकास चालला. मग रसाळगड-सुमारगड-महिपतगडला घेऊन गेलो, खेड तालुक्यातली ही तीन गडांची रांग ज्यांनी केलीय त्यांना माहीत आहे की मुक्कामाला पोचेपर्यंत माणूस पाण्यासाठी किती कासावीस झालेला असतो. रसाळगडावर झोलाई देवीच्या देवळात पथारी टाकली, टाक्यातून बाटली भरून आणली, कपलर जोडला, वरची बाटली दाबली. पहिला पेलाभर पाणी सरसर खाली आलं आणि मग जे थांबलं ते थांबलंच.

कारण सोपं आहे, पण मला ते तिथं अंधारात बसून कळलं. खालच्या बाटलीत आधीच हवा भरलेली, तिला बाहेर जायला वाट नाही, मग पाणी येणार कुठून. वरच्या बाटलीतून पाणी गेलं तर तिथं हवा आत यायला हवी, तिलापण वाट नाही. आणि फिल्टरच्या आतले गाळणीचे पोकळ धागे एकदा भिजले की त्यांतून हवा जात नाही, त्यामुळे खालची हवा वर जाईल ही आशा फुकट. उलट दाबलेली बाटली सोडली की ती परत फुगायला बघते आणि खालचं गाळलेलं पाणीच मागं ओढते. म्हणजे दोन पावलं पुढं, एक मागं. बाटली जेवढी कडक तेवढं हे जास्त. मऊ पिशवी चुरगळून बसते, तिला हवा लागत नाही, म्हणून हा त्रास पिशवीवाल्यांना कधी कळतच नाही.

यावर सगळे उपाय सांगतात की आटे पाव वेढा ढिले करा, हवा सुटू द्या, परत आवळा. केलं. खालचे ढिले केले, फुस्स करून हवा सुटली, पाणी वाहिलं. मग वरचे ढिले केले, बुडबुड आवाज झाला, बाटलीनं दम घेतला, छान. आणि त्या बुडबुडीबरोबर वरच्या आट्यांतून एक थेंब बाहेर आला. टाक्यातल्या पाण्याचा, न गाळलेला. टॉर्चच्या उजेडात मी तो बघत बसलो होतो. फिल्टरच्या अंगावरून सावकाश खाली उतरला, कपलरच्या कडेला जरा अडला, आणि मी मघाशी ढिला केलेला जो खालचा सांधा होता त्याच्या फटीत गेला. आत. चांगल्या बाटलीत.

आता तुम्ही म्हणाल एका थेंबानं काय होतंय. बहुतेक वेळा काही होत नसेलही. पण मग एवढा ०.१ मायक्रॉनच्या भोकांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टर खांद्यावर वागवायचा कशाला, सरळ टाक्याला तोंड लावावं. मी त्या रात्री दोन लिटर पाण्यासाठी किती वेळा आटे ढिले-घट्ट केले ते मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी फडक्यानं सांधा पुसायचा, मग ते फडकं घाण, मग दुसरं कोपरं, असा तो शिमगा चालला होता. सोबत माझा मामेभाऊ होता, तो भात-पिठलं खाऊन झोपलासुद्धा. परतीच्या दिवशी माझं पोट बिघडलं. ते त्या थेंबानं की स्टँडवरच्या वड्यानं, देव जाणे, त्यामुळे कपलरवर मी आरोप ठेवत नाही. मनातून मात्र तो तिथंच उतरला.

शिवाय वॉशर. फिल्टरच्या तोंडात एक रबरी वॉशर असतो, सारखं खोल-बांध केलं की तो बाटलीच्या मानेला चिकटून बाहेर येतो आणि पडतो. कपलरला आणखी दोन. अंधारात गवतात पडलेला वॉशर सापडत नाही. कुठल्याही पद्धतीनं जा, तेवढ्या मापाचे दोन जादा वॉशर हार्डवेअरवाल्याकडून घेऊन ठेवा आणि आटे पैलवानासारखे पिळू नका.

बूड कापायची अक्कल मला गावात आली. पायलीसारखी मोठी बाटली, बुडापासून चार बोटं वर हॅकसॉच्या पानानं कापली, कापलेल्या कडेला चिकटपट्टी गुंडाळली कारण ती कड बोट कापते, कडेच्या जरा खाली समोरासमोर तापलेल्या खिळ्यानं दोन भोकं पाडली आणि त्यातून सुंभ ओवला. नायलॉनची दोरीपण चालेल, पण घरात सुंभ होता. फिल्टरच्या खालच्या तोंडाला पहिल्यांदा गवंड्याचा लेव्हल पाइप गरम पाण्यात बुडवून चढवला होता, त्याचा प्लास्टिकचा वास पाण्याला यायचा, मग सिलिकॉनची नळी घेतली. बास. वरून बाटली उघडी, त्यामुळे हवा कोंडायचा प्रश्नच येत नाही. खाली नळीचं टोक स्टीलच्या बाटलीच्या तोंडात नुसतं सोडलेलं, सांधा नाही, त्यामुळे तिथंही कोंडत नाही. एकदा पाणी लागलं की परत आट्यांना हात लावायचा नाही.

नळी का, तर नळीशिवाय फार रडत रडत पडतं. टांगलेल्या पाण्याची पातळी आणि नळीचं खालचं टोक यांत जेवढं अंतर तेवढा जोर. हातभर नळीनं मला फरक असा जाणवला की आधी बाटली भरेपर्यंत भात शिजायचा, आता चहा होतो. फक्त सुरवातीला नळीत हवेचा बुडबुडा अडकतो, टिचकी मारून किंवा नळी पिळून तो काढावा लागतो, आणि फिल्टर कोरडा असेल तर आधी भिजवून घ्या, कोरड्या धाग्यांतून नुसत्या उंचीच्या जोरावर पाणी लवकर सुरू होत नाही.

जी गोष्ट मी ठरवून केली नव्हती आणि आता सगळ्यात आवडते ती म्हणजे कापलेलं बूड. ते फेकू नका. टाक्यात किंवा मार्चमधल्या आटत आलेल्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, पाणी वीतभर असतं, त्यात ना पिशवीचं तोंड उघडतं ना बाटली बुडते, बुडबुडा येतो आणि तळाचा गाळ उठतो. या बुडानं वरचं नितळ पाणी अलगद उपसता येतं, डोणीतून काढावं तसं. वर फडकं ताणून त्यातून गाळून टांगलेल्या बाटलीत ओतायचं. पावसाळ्यात आपलं पाणी जांभ्याच्या मातीनं लाल असतं, ते फडक्याशिवाय फिल्टरला पाजलं तर तो तिसऱ्या बाटलीला दम सोडतो, मग सिरिंजनं उलटं पाणी मारत बसा. शिवाय सॅकमध्ये या बाटलीच्या पोटात माझी लिटरची स्टीलची बाटली बसते, वर बूड टोपीसारखं, जागा जवळजवळ काहीच जात नाही. फिल्टर आणि नळी मात्र वेगळ्या पिशवीत, नळीचं चांगलं टोक घाणीला लागलं की परत थेंबाचीच गोष्ट.

लोक बघतात, हे आहे. पेठवाडीच्या बाजूला एका घराशेजारी आंब्याला टांगलं होतं तर आतून एक आजी आल्या, दोन मिनटं नळीकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय रं, झाडाला सलाईन लावलंस का काय?" मग विहिरीचं पाणी आणि गुळाचा खडा आणून दिला. खरंतर वाडीत हे सगळं लागतच नाही, ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकते आणि पाणी मागितल्यावर नाही म्हणणारं घर मला तरी अजून भेटायचंय.

कपलर कुठं बरा, तेपण सांगायला हवं. सड्यावर. कातळाचा नुसता पसारा, ऊन मी म्हणतंय, टांगायला झुडूपसुद्धा नाही, तिथं माझी बाटली काठीला बांधून मामेभावाला काठी धरून उभं राहावं लागलं आणि त्यानं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. किनाऱ्यानं चालतानाही तेच, सुरूच्या बनात शिरेपर्यंत आडोसा नाही. एकटेच असाल, अर्धा लिटर पिऊन पुढं सुटायचं असेल तर ना कपलर ना टांगणं, पातळ बाटलीला थेट फिल्टर लावा, दाबा, प्या, मधे एकदा ढिली करून फुगू द्या. तोंडानंच पिताय म्हटल्यावर थेंब चांगल्या पाण्यात जायचा प्रश्न नाही. कपलर वजनाला तर काहीच नाही, सोबत ठेवायला माझी ना नाही. चौघांचं पाणी रात्री त्यानं काढायचं म्हणत असाल तर मात्र मी मुकाट्यानं माझी बाटली टांगायला जाईन.

दोन गोष्टी कुठल्याच जोडणीनं सुटत नाहीत. बागमांडल्याहून फेरीनं वेशवीला उतरून वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै असं चाललात तर खाडीजवळच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि मीठ या फिल्टरमधून सरळ आरपार जातं, ते गाळून जाईल म्हणून खाडीचं पाणी भरू नका, फिल्टरपण वाया. दुसरं, विषाणू या भोकांपेक्षा बारीक. आणि आपल्याकडं लेप्टो आहे, उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा ताप. तो बहुतेक पायाच्या जखमेतून शिरतो हे खरं, पण त्याचा जंतू पिळदार आणि जेमतेम ०.१ मायक्रॉन जाडीचा, ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून तर तो सहज निसटतो, त्यामुळे पावसात शेतातून वाहत आलेल्या पाण्यावर मी नुसत्या फिल्टरला सोडत नाही. गाळलेल्या पाण्यात मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरीनच्या औषधाचे, थेंब टाकतो आणि अर्धा तास थांबतो, नाहीतर उकळतो.

बाटली दर मोसमाला बदला, सुंभाच्या भोकापासून तडा जातो. नवीन घेताना दुकानात आटे लावून बघायचे असतील तर फिल्टरच खिशात घेऊन जा, दुकानदार विचित्र बघतो पण झाकण उघडू देत नाही म्हणून मी आधी शेजारच्या हॉटेलातली रिकामी मागतो. परवा मागितली तर त्यानं तीन दिल्या, दोन माझ्या माळ्यावर पडल्यात.