जुन्या व्हॅनचं ट्यूनिंग: घरी की गॅरेजमध्ये?

एअर फिल्टर, स्पार्क प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या भागाची) कॅप आणि रोटर. जुन्या पेट्रोल व्हॅनमध्ये बहुतेक एवढंच बदलायचं असतं, आणि ते घरी जमतं. वायरी मात्र एकेक करूनच बदला. सगळ्या एकदम उपटल्या की फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम, चुकायची भीती. प्लगचा गॅप, म्हणजे टोकाशी ठिणगी पडते ती फट, फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मोजा, आकडा मॅन्युअलमधलाच धरा. इंजिनचं हेड (प्लग बसतात तो भाग) अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर इंजिन गार झाल्याशिवाय पाना लावू नका, आटे जातात.

पैसे वाचतात हे खरंच, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते काढलेला प्लग स्वतः बघता येणं. सुकी काळी काजळी दिसली तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणात बहुधा पेट्रोल जास्त. तेलकट ओल असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील तपासायला हवेत. तिथे नुसतं ट्यूनिंग करून काही साधत नाही.

गॅरेजचं पारडं जड होतं ते टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडावी ते) आणि कार्ब्युरेटरपाशी (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागापाशी). वर्षातून एकदा लागणारा टायमिंग लाइट विकत कोण घेणार? शिवाय काही व्हॅनचं इंजिन सीटखाली, मागच्या प्लगपर्यंत हातच पोहोचत नाही. मी प्लग-फिल्टर घरी बदलतो आणि टायमिंग मेकॅनिककडे सोपवतो.