असेंबल केलेल्या पीसीवर विंडोज ११ : सात महिन्यांनंतर

आधी सध्याची स्थिती सांगतो. पीसी उत्तम चालतोय. गेल्या तीन महिन्यांत एकदाही निळी स्क्रीन आलेली नाही. पण इथवर पोचायला जे करावं लागलं, त्यानंतर "अपग्रेड काय, अर्ध्या तासाचं काम" असं कुणी म्हणालं की मी एवढंच विचारतो, पीसी कंपनीचा की असेंबल केलेला?

माझं मशीन असं: रायझन ५ २६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी. २०१८ मध्ये स्वतः जोडलेलं. 'नवा पीसी' म्हणून मी तो मिरवला खरा, पण त्यातलं निम्मंच नवं होतं. ग्राफिक्स कार्ड २०११ चं, आधीच्या पीसीतून काढून लावलेलं. एसएसडी कोरी करकरीत, पण तिच्यावरची विंडोज जुन्या हार्डडिस्कवरून जशीच्या तशी क्लोन मारलेली, आणि ती हार्डडिस्क विंडोज ७ च्या जमान्यातली. पुढे त्याच विंडोजवर १० चढवली. हे सगळं सात वर्षं बिनबोभाट चाललं, त्यामुळे मी ते विसरूनही गेलो होतो. अपग्रेडनं एकेक गोष्ट उकरून काढली.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर मिळवायची सोय होती, पण आज ना उद्या हे करायचंच आहे म्हणून सप्टेंबरात हात घातला. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं. प्रोसेसर यादीत आहे, रॅम आणि जागा भरपूर, फक्त टीपीएम २.० (सुरक्षेच्या कीज जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (पीसी उठताना खात्रीचाच प्रोग्रॅम चालू देणारी सोय) नाही, असं त्यानं सांगितलं. मला वाटलं, दोनच तर खटके दाबायचे आहेत. हे ॲप ग्राफिक्स कार्ड तपासतच नाही, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर पुढचा एक शनिवार वाचला असता.

टीपीएमचं काम खरंच सोपं निघालं. त्यासाठी वेगळी चिप विकत घ्यावी लागत नाही. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये ती सोय आतच असते, बायोसमध्ये (पीसी उठताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) 'एफटीपीएम' नावानं. इंटेलवाल्यांनी 'पीटीटी' शोधावं. चालू करण्याआधी मी बायोस अपडेट करून घेतलं, कारण एफटीपीएममुळे काही रायझन मशीन मध्येच क्षणभर अडखळतात हे एएमडीनं २०२२ मध्ये जाहीरपणे मान्य केलं होतं आणि त्यावरचा इलाज नव्या बायोसमध्ये होता. एक लक्षात ठेवा: बायोस अपडेट झालं की आतल्या सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात. मी ते लक्षात ठेवलं नाही. त्याचा हिशेब पुढे येतोच.

आता डिस्क. विंडोजमधलं सिस्टीमची माहिती दाखवणारं 'एमएसइन्फो३२' उघडून बायोस मोड पाहिला तर 'लेगसी', म्हणजे जुनी पद्धत. क्लोन मारली तेव्हा जुन्या डिस्कची एमबीआर मांडणीही (पार्टिशनांची नोंद ठेवायची जुनी पद्धत) सोबत आली होती. सिक्युअर बूटला यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पिढी लागते, आणि यूईएफआयमधून विंडोज उठायला जीपीटी ही नवी मांडणी. यासाठी फॉरमॅट मारायची गरज नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून 'एमबीआर२जीपीटी' नावाची कमांड आहे, ती डेटा न पुसता मांडणी बदलते. आधी 'व्हॅलिडेट' लावून नुसती तपासणी करायची, ती पास झाली तरच 'कन्व्हर्ट'. माझी तपासणी नापास. कारण या कमांडला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात आणि माझ्याकडे चार होती: सिस्टीम रिझर्व्ह्ड, सी, रिकव्हरी आणि मी हौसेनं पाडलेलं डी. डी मधले फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवले, डी उडवलं, पुन्हा तपासणी केली, पास. प्रत्यक्ष बदल मिनिटभरातच झाला. सगळा बॅकअप बाहेर घेतलेला होता म्हणून मी हे धाडस केलं. बॅकअप नसताना या कमांडच्या वाटेला जाऊ नका, ती कितीही साधी दिसत असली तरी.

मग बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद केलं. सीएसएम म्हणजे यूईएफआय बोर्डला जुन्या बायोससारखं वागायला लावणारी सोय. सेव्ह केलं, रीस्टार्ट केलं, आणि स्क्रीन काळी ठिक्कर.

पंखे फिरतायत, कीबोर्डचा दिवा लागतोय, मॉनिटर म्हणतोय सिग्नल नाही. माझ्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नाहीत, त्यामुळे केबल मदरबोर्डला लावून बघायचाही मार्ग नव्हता. बोर्डच्या कडेला चार बारीक एलईडी आहेत, त्यातला 'व्हीजीए' लिहिलेला पेटून राहिला होता. मला वाटलं कार्ड गेलं. काढलं, कडा पुसल्या, परत बसवलं, दुसरी केबल लावली. काही नाही. शेवटी मामेभावाला फोन केला. त्याला नमनालाही वेळ नव्हता. "अरे, कार्ड कुठल्या साली घेतलंयस ते आधी सांग."

२०११ म्हटल्यावर तो हसला. यूईएफआयमध्ये चित्र दाखवायचं तर कार्डच्या स्वतःच्या बायोसमध्ये 'जीओपी' नावाचा भाग लागतो. तो सर्रास येऊ लागला २०१२ च्या आसपास, विंडोज ८ च्या वेळी. त्याआधीच्या बऱ्याच कार्डांना सीएसएमची कुबडी लागते. मी कुबडीच काढून घेतली होती. कार्ड धडधाकट होतं, फक्त त्याला बोलता येत नव्हतं.

सुटका सीएमओएस क्लिअर करून झाली. पॉवर सप्लायची वायर काढायची, बोर्डवरच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरनं काही सेकंद जोडायच्या, की बायोस मूळपदावर. सीएसएम परत चालू झालं आणि चित्र आलं. दरम्यान डिस्क जीपीटी होऊन बसली होती, तीही उठायला हवी. त्याची युक्ती अशी की सीएसएम चालूच ठेवून आतल्या पोटमेनूत व्हिडिओ 'लेगसी' आणि स्टोरेज 'यूईएफआय' असं वेगवेगळं निवडायचं. सगळ्या बोर्डांवर ही सोय नसते, माझ्यावर होती. आठवडाभर त्यावर काम भागवलं. पण सीएसएम चालू असताना सिक्युअर बूट होत नाही, आणि विंडोज ११ ला तसंही डायरेक्टएक्स १२ चालवणारं कार्ड लागतं. मामेभावाकडे एक वापरलेलं, पण बरंच अलीकडचं कार्ड पडून होतं, ते लावलं. सीएसएम बंद, चित्र हजर. सिक्युअर बूट चालू केलं तरी विंडोजमध्ये 'ऑफ'च दिसत होतं, कारण बोर्डमध्ये कीज भरलेल्या नव्हत्या. 'फॅक्टरी कीज' लोड केल्या आणि झालं.

आता खरं अपग्रेड. आयएसओ फाइल उतरवून चालत्या विंडोजमधूनच सेटअप सुरू केला. टक्के चढत गेले, दोनदा रीस्टार्ट, मग 'पूर्वीच्या आवृत्तीवर परत जात आहोत'. कोड ०एक्ससी१९००१०१. हा कोड शोधला की शंभर उपाय सापडतात: अँटिव्हायरस काढा, जागा मोकळी करा, अमुक सर्व्हिस बंद करा. मीही त्यातले पाचसहा करून पाहिले आणि दोन संध्याकाळी घालवल्या. हा कोड म्हणजे ताप आहे, रोग नव्हे. बहुतेक वेळा तो कुठल्यातरी ड्रायव्हरकडे बोट दाखवतो, एवढंच. उपयोगाचा असतो त्याच्या पुढचा दुसरा आकडा. तो २ ने सुरू झाला तर पहिल्या रीस्टार्टनंतरच्या 'सेफ ओएस' टप्प्यात अडकलं, ३ असेल तर नवी विंडोज पहिल्यांदा उठताना, ४ असेल तर दुसऱ्यांदा. माझा ३ होता, म्हणजे नवी विंडोज हार्डवेअर ओळखत असताना काहीतरी आडवं आलं होतं.

मायक्रोसॉफ्टचं 'सेटअपडायग' नावाचं छोटं साधन सेटअपच्या नोंदी वाचून गुन्हेगाराचं नाव सांगतं. त्यानं नाव घेतलं एका टीव्ही ट्यूनर कार्डच्या ड्रायव्हरचं. टीव्ही ट्यूनर! ते कार्ड मी आधीच्या पीसीत लावलं होतं आणि तो पीसी मोडीत गेला त्याच्याही आधी फेकून दिलं होतं. कार्ड गेलं, पण ड्रायव्हर क्लोनच्या पाठीवर बसून नव्या घरात आला आणि इतकी वर्षं गप पडून राहिला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'हिडन डिव्हाइसेस' दाखवायला सांगितल्यावर अशी फिकट पडलेली बरीच भुतं दिसली: दोन प्रिंटर, एक डोंगल, जुन्या बोर्डची साउंड चिप. सगळी काढली. ट्यूनरचा ड्रायव्हर हट्टी होता, तो 'पीएनपी-युटिल' या विंडोजच्या कमांडनं मुळासकट उपटावा लागला. त्यानंतर अपग्रेड एका दमात पार पडलं.

एक काम मी पहिल्याच दिवशी केलं, ते करून ठेवाच. जुन्या विंडोजवर परतायची मुदत फक्त १० दिवस असते. विंडोजमधल्याच 'डिझम' साधनाच्या एका कमांडनं ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. त्यासाठी जुनी विंडोज जपून ठेवणारं 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर बरीच जागा अडवून बसतं, बसू द्या. मला ते दहाव्या नव्हे, पंचविसाव्या दिवशी आठवलं.

कारण तिसऱ्या आठवड्यात पीसी संथ वाटायला लागला. पाहतो तर रॅम २१३३ च्या वेगानं चालतेय, असायला हवा ३२००. बायोस अपडेटनं एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगानं चालवणारी सेटिंग) बंद केलं होतं, तोच तो राहिलेला हिशेब. एक्सएमपी चालू केलं आणि चार दिवसांत निळी स्क्रीन. मग दर एक-दोन दिवसांनी. खापर अर्थात नव्या विंडोजवर फोडलं, परत जायची तयारीही केली. मग एक गोष्ट खटकली: दर वेळी कोड वेगळा. कधी मेमरीचा, कधी फाइल सिस्टीमचा, कधी कर्नलचा. एकच ड्रायव्हर खराब असेल तर सहसा तेच ते नाव येतं. रोज नवं नाव येत असेल तर रॅम तपासावी. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घेऊन रात्रभर लावून ठेवलं, सकाळी स्क्रीनवर लाल ओळींची रांग. माझा प्रोसेसर अधिकृतपणे २९३३ पर्यंतचीच रॅम मानतो, ३२०० हा माझा हावरटपणा होता. जुन्या बायोसवर तो खपून गेला, नव्यावर नाही. २९३३ लावल्यावर टेस्ट स्वच्छ, आणि तेव्हापासून निळी स्क्रीन फक्त एकदाच आली, तीही मी यूएसबी हब ओढून काढला तेव्हा.

पुढचे महिने शांत गेले. रात्री पीसी आपोआप जागा होत होता, 'पॉवरसीएफजी' या कमांडला विचारलं तर नेटवर्क कार्डचं नाव सांगितलं, त्याची जागं करायची परवानगी काढली, संपलं.

पाचव्या महिन्यात मात्र एका सकाळी पिन चालेना. 'तुमचा पिन उपलब्ध नाही.' पासवर्डनं आत गेलो तर घड्याळ काही वर्षं मागे. बोर्डवरची बटण बॅटरी, सीआर२०३२, संपली होती. सेटिंग पुसल्या गेल्या, एफटीपीएम बंद पडलं, आणि विंडोजचा पिन टीपीएमशी बांधलेला असल्यामुळे तोही गेला. माझ्या विंडोज १० वर टीपीएम बंदच होतं, त्यामुळे हीच बॅटरी तेव्हा संपली असती तर पिन गेला नसता. बॅटरी बदलली, सेटिंग परत लावल्या, पिन परत चालू. माझ्याकडे बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) बंद आहे. ज्यांचा चालू आहे त्यांच्याकडे अशा वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती त्याच पीसीवरच्या फाइलमध्ये ठेवू नका. बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो आता माझ्या फोनमध्ये आहे.

पुन्हा करायची वेळ आली तर अपग्रेड न करता सरळ कोरी विंडोज टाकेन. लायसन्सची काळजी नाही, डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असतं आणि कार्ड बदलूनही माझं शाबूत राहिलं. क्लोनवर क्लोन मारत आलेली विंडोज असेल तर तिच्यात काय काय पुरलंय हे मालकालाही माहीत नसतं. उलट २०१९-२० नंतर जोडलेला, पहिल्यापासून यूईएफआयवर असलेला पीसी असेल तर बिनधास्त चालत्या विंडोजवरच करा, बहुधा निर्विघ्न होईल. तपासणीला बगल देऊन विंडोज ११ चढवायचे मार्गही आहेत. प्रोसेसरच यादीत नसेल तर त्यांचा विचार मी समजू शकतो, पण नुसतं टीपीएम बंद आहे म्हणून तो उद्योग करू नये.

सिक्युअर बूटची २०११ मधली प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतबाह्य व्हायला लागतात. नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात, तरी बोर्डच्या बायोसकडे एकदा बघून घ्या. माझ्या बोर्डच्या कंपनीनं गेल्या वर्षभरात नवं बायोस काढलेलं नाही आणि ईमेलला उत्तरही दिलेलं नाही. आणि कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोन जॅकमधून अपग्रेडनंतर आवाज येत नाही. तीन ड्रायव्हर बदलून झाले. सध्या मागच्या जॅकला लांब वायर जोडून गाणी ऐकतोय.