जुना लिनियर सप्लाय दुरुस्त करावा, की नवा स्विचिंग घ्यावा?

गेल्या महिन्यात भाच्यानं माझ्या टेबलावर एक डबा आणून आदळला. आदळला म्हणजे खरंच आदळला, सहाएक किलोचा होता. ० ते ३० व्होल्ट, ३ अँपिअरचा व्हेरिएबल सप्लाय, म्हणजे नॉब फिरवून हवं तेवढं डीसी व्होल्टेज देणारा डबा, काट्याचे मीटर असलेला. जुन्या लिनियर पद्धतीचा, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज उतरवून जास्तीचं उष्णतेत जाळणारा. ‘मामा, नॉब कुठंही फिरवा, हा ४१ व्होल्टच दाखवतो. दुरुस्त करू की सरळ नवा घेऊ?’ नवा म्हणजे बाजारात मिळणारा हलका, डिजिटल आकड्यांचा, स्विचिंगचा, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून व्होल्टेज आवरणारा. हाच प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, म्हणून दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवूनच सांगतो.

आधी एक गोष्ट. ‘आउटपुट शून्य आहे’ म्हणून माझ्याकडे आलेल्या डब्यांपैकी काहींना काहीही झालेलं नसतं, करंटचा नॉब कोणीतरी पूर्ण डावीकडे फिरवून ठेवलेला असतो. तो नॉब थोडा उजवीकडे घ्या, सीसीचा (करंटची मर्यादा लागल्याचा) लाल दिवा विझतो का बघा, मगच स्क्रू काढा.

लिनियर उघडला की नकाशा समोरच असतो. जड ट्रान्सफॉर्मर, त्याच्या पुढे एसीचं डीसी करणारा चौकोनी ब्रिज, मग डब्यातला सगळ्यात जाडजूड कपॅसिटर, बहुतेक ४७०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा. मागच्या हीटसिंकवर बसवलेला पत्र्याच्या डबीसारखा, दोन पायांचा तो २एन३०५५, सगळा करंट वाहणारा पॉवर ट्रान्झिस्टर. त्याला तिसरा पाय नाही, कारण अंगच कलेक्टर आहे. म्हणून ते अंग हीटसिंकला विजेनं टेकू नये यासाठी खाली अभ्रकाचा वॉशर, आणि उष्णता उतरावी म्हणून पांढरी पेस्ट. जवळच सिमेंटचे पांढरे रेझिस्टर. बोर्डवर व्होल्टेज आवरणारा आयसी, १४ पायांचा ७२३ किंवा बहुधा ८ पायांचा ७४१, आणि आपल्याकडच्या जुन्या डब्यांत ड्रायव्हर (मोठ्या ट्रान्झिस्टरला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर) म्हणून हमखास एसएल१००, गोल टोपीचा. टोपीचा कान जिकडे, तिकडचा पाय एमिटर. ७२३ शाबूत आहे की नाही हे सहा आणि सात नंबरच्या पायांत मोजून कळतं, सव्वासात व्होल्टच्या आसपास दिसायला हवं.

लक्षणंही सरळ बोलतात. नॉबला दाद नाही आणि पूर्ण व्होल्टेज बाहेर येतंय, तर २एन३०५५ कलेक्टर-एमिटर शॉर्ट. नॉब फिरवताना आकडा उड्या मारतो, तर पॉटचा, म्हणजे नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरचा, कार्बन झिजलाय. लोड लावला की व्होल्टेज बसतं आणि स्पीकरला जोडल्यावर घुरघुर येते, तर मोठा कपॅसिटर सुकलाय. पंधराच्या आसपास अडकून पुढे जातच नाही, तर ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलणारी रिले बघा. नॉब वाढवताना मधेच ‘टक’ आवाज येतो तो तिचाच. हे टॅप कशाला? कपॅसिटरवर ४० व्होल्ट असताना तुम्ही ५ व्होल्ट, २ अँपिअर काढलेत, तर ३५ गुणिले २, म्हणजे ७० वॉट नुसते हीटसिंकवर जळतात. खालचा टॅप घेतला की कपॅसिटरवरचं व्होल्टेजच उतरतं आणि ही जळ कमी होते.

आता स्विचिंग. इथं २३० व्होल्ट थेट डायोडमधून जातात आणि कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी बसतं, प्लग काढल्यावरही काही वेळ. बोट लावाल तर आठवण राहील. मी आधी त्यावर होल्डरमधला साधा बल्ब टेकवतो आणि मग मीटरनं शून्य झालं का ते बघतो. भाग ओळखणंही कटकटीचं. मेन्सच्या तोंडाशी खरखराट गाळणारा पिवळा चौकोनी एक्स कपॅसिटर, चालू करतानाचा करंटचा झटका आवरणारा चकतीसारखा एनटीसी, हीटसिंकवरचे मॉस्फेट (स्विच म्हणून चालणारे ट्रान्झिस्टर), प्रकाशानं फीडबॅक पोचवणारा चार पायांचा पीसी८१७ इथपर्यंत ठीक. टीएल४३१ हा व्होल्टेजची तुलना करणारा आयसी मात्र हुबेहूब ट्रान्झिस्टरसारखा दिसतो आणि नवशिके त्याच्या जागी बीसी५४७ हा साधा ट्रान्झिस्टर ठोकून मोकळे होतात. नशीब असेल तर कंट्रोलचा आयसी टीएल४९४ निघतो, त्याच्या १४ नंबरच्या पायावर ५ व्होल्ट मोजता येतात. नसेल तर वरचा नंबर घासून टाकलेला असतो आणि सर्किट डायग्राम कुठंच मिळत नाही. मॉस्फेट गेला तर बहुधा फ्यूज आणि गेटचे रेझिस्टर घेऊन जातो, कधी कंट्रोल आयसीही. तिथं नुसता मॉस्फेट बदलून चालू केलात तर दुसरा फटाका.

पण एका बाबतीत स्विचिंग सज्जन आहे. तो मेला तर बहुतेक वेळा शून्यावर मरतो, कारण मधला ट्रान्सफॉर्मर स्विच होणं थांबलं की पलीकडे काही जातच नाही. फीडबॅकमध्ये बिघाड झाला तर व्होल्टेज चढू शकतं, तो अपवाद. लिनियर उलट, मरताना पूर्ण ४० व्होल्ट तुमच्या सर्किटवर ओततो. भाच्याचा एक रेडिओ बोर्ड असाच गेला होता. म्हणून दुरुस्त केलेल्या लिनियरला पहिल्याच दिवशी महागडं काही जोडू नका.

त्याच्या डब्यात २एन३०५५ दोन होते, समांतर जोडलेले. एक शॉर्ट. पुण्यात तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून नवा आणला, डाग दिले, २३० व्होल्टच्या लाइनमध्ये सिरीज बल्ब (शॉर्ट असेल तर करंट आवरून धरणारा) लावून सुरू केला. बल्ब लुकलुकून मंद झाला, नॉब व्यवस्थित चालू लागला. खूश होऊन २ अँपिअरचा लोड दिला आणि पाच मिनिटांत नवा ट्रान्झिस्टरही गेला. चूक माझी. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा एमिटरचा ०.२२ ओहमचा रेझिस्टर मी तपासलाच नव्हता. बाहेरून पांढरा शुभ्र, आतून ओपन. म्हणजे सगळा करंट एकट्याच्या डोक्यावर येत होता, आणि पहिला मेला तोही बहुधा त्यामुळेच. तेव्हा एक शॉर्ट मिळाला की थांबू नका. जोडीदार, दोन्ही एमिटर रेझिस्टर, ड्रायव्हर आणि अभ्रक बघूनच उठा. नवा २एन३०५५ घेताना हातात तोलूनही बघा, डुप्लिकेट बरेचदा हलके लागतात.

मग घ्यायचं काय? माझ्या मते निकाल ट्रान्सफॉर्मरवर. पुढच्या बोर्डाच्या वायरी काढून तो १५ मिनिटं रिकामा चालवा. कोमट राहिला, जळक्या वार्निशचा वास नाही, तर डबा दुरुस्त करा; बाकीचे भाग ट्रान्सफॉर्मरच्या मानानं किरकोळ आहेत. ट्रान्सफॉर्मर जळालेला असेल तर रिवाइंडिंगच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. रेडिओ, अँप्लिफायर, मायक्रोफोनचं काम असेल तर लिनियरच बरा, कारण स्विचिंगचा बारीक खरखराट आउटपुटवर उतरतो. मोबाइल दुरुस्ती, एलईडी पट्ट्या, मोटारी, बॅटरी चार्जिंग यांना त्याचं सोयरसुतक नसतं. तिथं हलका, कमी तापणारा, जास्त अँपिअरचा स्विचिंग घ्या. हाताशी जुना लॅपटॉप चार्जर असेल तर १९ व्होल्टवर बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज खाली उतरवणारा छोटा बोर्ड, लावूनही काम भागतं, फक्त सतराच्या पुढे अपेक्षा धरू नका.

आणि स्विचिंग बंद पडलाच तर? फ्यूज, फुगलेले कपॅसिटर, पंखा एवढं बघा. त्यापलीकडे जायचं असेल तर शिकण्यासाठी जा, पैसे वाचवायला नको.

भाच्याचा डबा दोन्ही रेझिस्टर बदलल्यावर १२ व्होल्टवर, गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावून दोन तास चालवला. पावणेदोन अँपिअर, हीटसिंकवर हात जेमतेम टेकवता येत होता, पण दोन्ही ट्रान्झिस्टर सारखेच गरम. काट्याचा मीटर अजून अर्धा व्होल्ट जास्त दाखवतो. तो जुळवायचा स्क्रू पुढच्या रविवारी.