आधी पोहणं की आधी घोडा?

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार बघून आलं की पोरांचा धोशा सुरू होतो, "मला घोडा शिकायचाय." दसऱ्याला नांदेडात गुरुद्वाऱ्याचे घोडे निघतात तेव्हाही तेच. आमच्या नऊ वर्षांच्या पोरानं दोन वर्षं हेच लावून धरलं, आणि आजीचं पालुपद एकच: "आधी पव्हायला शिकवा त्याला."

आजीचं खरं आहे. आपल्याकडं विहीर प्रत्येक शिवारात, शिवाय आता शेततळी. तळ्याच्या प्लास्टिकवर शेवाळ धरलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही, म्हणून पोहणं आलं तरी काठाला दोर बांधलेला हवाच. तरी पोहणं ही जिवाची गोष्ट आहे, घोडेस्वारी हौसेची. दम वाढवायलाही पाणीच सरस. घोडा नुसता चालत असतो तेव्हा मेहनत त्याची असते. दुडकी सुरू झाली की मात्र दहा मिनिटांत पोराच्या मांड्या भरून येतात.

मग घोडा कशासाठी? एक म्हणजे मांड. चालत्या घोड्यावर कंबर पुढं-मागं, डावी-उजवीकडं हलते, थोडी वळतेही, जवळपास आपण चालताना हलते तशीच. त्या हालचालीत तोल सांभाळता सांभाळता पाठ आणि पोटाचे स्नायू कामाला लागतात. म्हणूनच सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी फिजिओथेरपिस्ट घोड्याची मदत घेतात. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओनं गुडघ्याखाली निकामी झाले होते, तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमक्या करून दाखवायच्या, तो प्रकार) रौप्यपदक घेतलं. पण क्लबातली फेरी म्हणजे उपचार नव्हे. असं मूल असेल तर डॉक्टरांना विचारूनच बसवा. डाउन सिंड्रोम असेल तर मानेची तपासणी आधी.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. पाण्याला स्वतःचं मन नसतं, घोड्याला असतं. पहिल्या दिवशी घोडा शिकवणाऱ्या मामांनी पोराला खोगिरावर बसूच दिलं नाही, हातात खरारा (घोड्याचं अंग घासायचा ब्रश) दिला. घोडी त्याच्यापेक्षा उंच, त्यानं हात लावला की कातडी थरथरवायची. घरात ओरडल्याशिवाय न बोलणारा हा गडी तिथं हळू आवाजात बोलायला लागला. आठवड्याभरात तो मलाच सांगायला लागला, "बाबा, कान मागं पाडलेत, आत्ता जवळ नका जाऊ." आणि मामांचं रोजचं एकच, "लगाम वढू नको रे, नुसता धर." भित्र्या मुलाला आणि आडदांड मुलाला, दोघांनाही हे लागू पडतं. पोहण्याच्या टँकमध्ये मला असं काही दिसलं नाही.

खर्चात मात्र घोडं पेंड खातं. शिकणारं पोर आलं नाही तरी घोडा रोज खाणारच. दीड-दोन महिन्यांनी नाल बदलायचे, घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराचा पगार वेगळा. फी टँकपेक्षा जास्त का, ते यातच आलं.

धोकाही जास्त, कारण पडायचं ते उंचावरून. आधी आम्ही एका ठिकाणी गेलो तिथं मोठ्या माणसाचं हेल्मेट दिलं. दुडकी लागताच ते पोराच्या डोळ्यावर आलं. त्याच दिवशी परत आणलं. मापाचं हेल्मेट, टाच असलेले बूट (रिकिबीतून पाय आरपार जाऊ नये म्हणून), कुंपण घातलेलं मैदान आणि सुरुवातीला दोर धरून चालणारा माणूस, यातलं एक जरी कमी असेल तरी पैसे भरू नका. वरातीच्या घोड्यावर शिकवण्याचा मोह तर अजिबात नको. तो डीजेच्या तालावर नाचायला शिकलेला असतो, पोराचं ऐकायला नाही. दम्याचा त्रास असेल तर तबेल्यातली गवताची धूळ आधी आठवा.

2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज संघानं सुवर्ण जिंकलं, पण ते स्वार युरोपात राहून तयार झाले होते. पदकाच्या आशेनं पोराला पाठवत असाल तर हा हिशेबही धरा.

आमचा वाद शेवटी उन्हानंच मिटवला. मे महिन्यात पारा चाळिशीपार, तेव्हा घोड्याचेही हाल. पावसात काळ्या मातीत टाप घसरते. म्हणून एप्रिल-मेमध्ये टँक, दिवाळीनंतर घोडा. एकच परवडत असेल आणि पोहता येत नसेल तर आजीचं ऐका. पोहता येत असेल तर एकदा नुसता खरारा करायला घेऊन जा, मूल किती वेळ थांबतं ते बघा.