पीथमपूरच्या बसमधलं जर्मन: पिम्सलर, निकोस वेग आणि आंकी

आमच्या कंपनीत, इंदूरजवळच्या पीथमपूरला, एक जर्मन मशीन आहे. बिघडलं की पडद्यावर लाल अक्षरांत 'श्टोरुंग' (म्हणजे बिघाड) येतं आणि खाली दोन ओळी. मॅन्युअल इंग्रजीत मिळालं, पण पॅनेलच्या आतली लेबलं सगळी जर्मन. आधी मोबाइलने फोटो काढून भाषांतर करायचो. मग फ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदी आली, आणि मी सेहेचाळिसाव्या वर्षी जर्मन शिकायला घेतलं. मेंटेनन्सवाल्याची शिफ्ट कधी सुटेल ह्याचा नेम नसतो, त्यामुळे क्लास शक्यच नव्हता. जे काय ते स्वतःच. चौदा महिने झाले.

सुरुवात एका ॲपने केली, नाव घेत नाही. चित्रं गोड, रोज आठवण, रोज शाबासकी. तीन महिन्यांत मला 'हत्ती पेपर वाचतो' हे बिनचूक म्हणता यायला लागलं. आमच्या प्लांटमध्ये हत्ती नाहीत. फुकटची मुदत संपली त्या दिवशी खात्यातून अख्ख्या वर्षाचे पैसे कापले गेले. चार मेल केले, एक रुपया परत आला नाही. बायको अजून विचारते, "आज वाचला का हत्तीने पेपर?"

मग पिम्सलर, ऐकून बोलायला शिकवणारा कोर्स. अर्ध्या तासाचा एक धडा, असे तीस धडे म्हणजे एक स्तर. सगळं कानाने. धड्यातला निवेदक इंग्रजीत विचारतो, अमुक कसं म्हणाल? थांबतो. तुम्ही बोलायचं, मग तो बरोबर उत्तर ऐकवतो. तोच शब्द काही सेकंदांनी पुन्हा येतो, मग काही मिनिटांनी, मग उद्याच्या धड्यात. विसरायच्या बेतात असतानाच आठवायला लावायचं, ही पॉल पिम्सलर ह्यांची 1967 सालची कल्पना. राजेंद्रनगरहून कंपनीची बस निघाली की पोचेपर्यंत एक धडा आरामात होतो. अट एकच, मोठ्याने बोलायचं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्याने विचारलं, "किससे बात कर रिये हो भिया?" पण जीभ वळली ती ह्यानेच. स्वस्त नाही, आणि लिहायला शिकायचं असेल तर हा कोर्स त्यासाठी नव्हेच.

वाचण्या-लिहिण्यासाठी 'निकोस वेग'. डॉइचे वेले ह्या जर्मन प्रसारण संस्थेचा, पूर्ण फुकट, ए-वन (अगदी सुरुवातीची पातळी) ते बी-वन (मधली पातळी). स्पेनहून जर्मनीत आलेल्या निकोची बॅग हरवते आणि गोष्ट सुरू होते. छोटे व्हिडिओ, प्रत्येकाखाली सराव. रात्री जेवण झाल्यावर मी आणि मुलगी बघतो. तिला निकोची काळजी, मला क्रियापदांची.

आता खरी गोष्ट. मी पाहिलेल्या एकाही कोर्सला मराठी माणूस माहीत नाही. इंग्रजीवाल्याला टेबल पुल्लिंगी का, हे समजावण्यात धडे खर्च होतात. आपल्याला तो, ती, ते जन्मापासून येतं: डेअर, डी, दास. मुलीला 'मेडशेन' म्हणतात आणि ते नपुंसकलिंगी, कारण शेवटचं 'शेन' लहानपण दाखवतं. ह्यात काय नवल? आपलं लेकरू, वासरू, पिल्लूही 'ते'च. एकवीसला ते 'एक आणि वीस' म्हणतात; आपणही एक आधी, वीस नंतर. 'कारण'ने सुरू होणाऱ्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं, घरच्यासारखं. त्यांचा 'झेड' म्हणजे आपल्या चमच्यातला च. माझ्या हिंदी भाषक सहकाऱ्याला तिसरं लिंग पचत नाही. अर्थात आमच्या इंदुरी मराठीतलं 'ते'ही डळमळीतच, पुण्याची मामी आली की चुका काढायची.

म्हणून आंकीत, म्हणजे शब्दांची कार्डं पुन्हापुन्हा विचारणाऱ्या ॲपमध्ये, स्वतःची कार्डं केली, मराठीतून. आंकी कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवाल्यांना पैसे पडतात. आठवलेलं कार्ड लांब जातं, विसरलेलं लगेच परत येतं. 'वासर' म्हणजे पाणी: ते-ते, जुळलं. 'रीमेन' म्हणजे पट्टा: तो-तो, जुळलं. 'पुम्पे' मात्र ती, आपला पंप तो. न जुळणाऱ्यांवर लाल खूण. कार्डं बनवण्यात चार रविवार गेले, पोहेसुद्धा टेबलावरच खाल्ले. तयार कार्डं आयती मिळतात, पण त्यात आमच्या प्लांटचे शब्द कुठले?

हिवाळ्यात जर्मनीहून इंजिनिअर आला होता. मशीन उघडून बसला आणि फोनवर कोणाशी तरी भराभर बोलत होता. नव्वद टक्के डोक्यावरून गेलं. पण 'दिश्टुंग' दोनदा ऐकलं. दिश्टुंग म्हणजे सील (कवितेलाही हाच शब्द, कार्ड करताना कळलं). मी स्टोअरमध्ये गेलो, सील घेऊन आलो आणि त्याच्या हातापाशी ठेवलं. त्याने फोन न ठेवताच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "झेअर गूट." म्हणजे, फार छान.

एकच घ्यायचं तर काय, असं ऑफिसमध्ये विचारतात. खिशात हात घालायचा नसेल तर निको आणि आंकी, बोलायचंच असेल तर पिम्सलर. माझा दुसरा स्तर चालू आहे. बसमध्ये खिडकीची जागा आता कायम मिळते, शेजारी कोणी बसत नाही.