पातळ पत्र्यासाठी मिग वेल्डर: हिवाळा ते पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात मी सिंगल फेजवर चालणारे 200 अँपिअरचे इन्व्हर्टर (बॅटरीचे नव्हे, इलेक्ट्रॉनिक सर्किटचे) मिग यंत्र घेतले, ते मुख्यतः कूलरच्या कामासाठी. मिगमध्ये हातातल्या गनमधून तार सतत बाहेर येते आणि गॅसच्या आवरणाखाली वितळून सांधा भरते. नागपुरात ज्यांच्या घरी पत्र्याचा डेझर्ट कूलर आहे, त्यांना टाकीचा तळ कसा गंजतो आणि स्टँडचे पाय खालून कसे खाल्ले जातात, हे सांगायला नको. हे काम 18 ते 22 गेजच्या पत्र्याचे, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटरपासून पाऊण मिलिमीटरपर्यंतच्या जाडीचे. एवढ्या पातळ पत्र्यावर रॉडचे वेल्डिंग करायला फार मुरलेला हात लागतो. करंट कमी ठेवला तर रॉड चिकटतो आणि वाढवला की भोक पडते. यंत्राच्या कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच ढाच्याची यंत्रे वेगवेगळ्या नावांनी विकली जातात आणि निवडताना पाहायच्या गोष्टी सगळीकडे सारख्याच आहेत.

दुकानात सगळे बोलणे वरच्या आकड्याभोवती फिरते: 200 घ्यायचे की 250. पातळ पत्र्याच्या कामात हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. एक मिलिमीटरच्या पत्र्याला 0.8 मिलिमीटरच्या तारेने साधारण 40 ते 60 अँपिअर आणि 16 ते 17 व्होल्ट पुरतात. त्यामुळे यंत्र खाली कुठपर्यंत उतरते आणि तिथे आर्क (तार आणि पत्रा यांच्यातली विजेची ज्योत) एकसारखा टिकतो की अडखळतो, हाच खरा प्रश्न आहे. माझ्या यंत्रावर व्होल्टेज आणि तारेचा वेग यांची बटणे स्वतंत्र आहेत आणि हीच सोय मला सर्वांत मोलाची वाटते. नुसत्या सिनर्जिक यंत्रात जाडी निवडली की बाकीचे यंत्रच ठरवते. ते नवशिक्याला सोपे जाते, पण त्यात व्होल्टेज थोडे वरखाली करण्याची सोय नसेल तर ते घेऊ नये.

अर्ध्या व्होल्टने काय होते, ते पत्र्यावर उघड दिसते. तारेचा वेग तोच ठेवून 16 व्होल्टवर सांधा मारला, तर धातू दोरीसारखा उंच उभा राहतो आणि कडांना नीट धरत नाही. व्होल्टेज थोडे वाढवले की तोच मणी (वितळून थिजलेल्या धातूची रेघ) चपटा बसतो, पत्र्याच्या पाठीमागे बारीक निळसर रेघ उमटते आणि तडतड आवाज सलग येऊ लागतो. 18 च्या पुढे गेलो की आर्कच्या खालचा भाग आधी लालबुंद होऊन खचतो आणि पुढच्याच क्षणी गळून पडतो. म्हणून मी लांब सांधा सलग कधीच ओढत नाही. थोड्या थोड्या अंतरावर टाके मारतो, एकदा या टोकाला तर एकदा त्या टोकाला, आणि मधल्या जागा पत्रा हाताला सोसेल इतका निवल्यावर भरतो. पाठीमागे तांब्याची जाड पट्टी दाबून धरली तर उष्णता तिच्यात जाते आणि तांब्याला पोलादी तार चिकटत नाही. अशी पट्टी इतवारीत भंगारातही मिळते आणि पातळ कामात तिच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही.

0.6 मिलिमीटरची तार मिळाली तर जरूर वापरावी. वेग तोच असेल तर तिच्यातून 0.8 च्या तारेच्या तुलनेत सुमारे 56 टक्केच धातू उतरतो, त्यामुळे कमी करंटवर आर्क नीट चालतो. मात्र फीड रोलरवर (तार पुढे ढकलणाऱ्या चाकावर) 0.6 चा खाचा आहे का, हे यंत्र घेतानाच पाहावे. फीडरची चौकट प्लास्टिकची असेल तर दाब देणारा हात कालांतराने ढिला पडतो, असे माझे निरीक्षण आहे. चार पैसे जास्त गेले तरी धातूची चौकट घ्यावी.

गॅसशिवाय चालणारी फ्लक्स कोअर तार (पोटात फ्लक्सची पूड भरलेली) मी वापरून पाहिली. जाड अँगलला, उघड्यावरच्या कामाला ती उत्तम. पातळ पत्र्याला तिची उष्णता जास्त होते आणि वर स्लॅग (सांध्यावर जमणारी खपली) झाडत बसावे लागते. तिच्यासाठी गन ऋण टोकाला जोडावी लागते, तर गॅसबरोबरच्या साध्या तारेसाठी धन टोकाला. ही अदलाबदल यंत्रात सहज करता येते का, तेही तपासावे. आपल्याकडे मिगलाच सर्रास सीओटू वेल्डिंग म्हणतात, आणि नुसत्या कार्बन डायऑक्साइडवर काम होतेही. पण त्यात ठिणग्या फार उडतात आणि आर्क खोल जातो, म्हणजे पातळ पत्र्याला नको तेच होते. आर्गॉन 80 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड 20 टक्के असे मिश्रण महाग पडते, तरी मी त्यावरच आलो आणि ग्राइंडरचे काम निम्म्याहून कमी झाले. कूलरचा पत्रा बहुधा जस्ताचा मुलामा दिलेला असतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा मुलामा घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करू नये, कारण जस्ताच्या धुराने ताप भरतो आणि सांध्यातही छिद्रे पडतात.

उन्हाळ्याने यंत्राची खरी परीक्षा घेतली. ड्युटी सायकलचा (यंत्र न थांबता किती वेळ चालेल याचा) आकडा बहुतेक वेळा 40 अंश तापमान धरून दिलेला असतो, आणि मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या खोलीत सावलीतही पारा त्याच्या वर असतो. पातळ कामाचा करंटच कमी, त्यामुळे यंत्र तापून थांबले नाही. भर दुपारी जाड अँगल जोडताना मात्र थांबले. सर्वांत मोठी अडचण वाऱ्याची होती. कूलर लावून काम करायला बसले की त्याचा झोत गॅसचे आवरण उडवून नेतो आणि सांधा स्पंजासारखा भोकाभोकांचा निघतो. गॅसचा प्रवाह मिनिटाला दहा लिटरवरून वाढवून उपयोग होत नाही. मध्ये पत्र्याचा आडोसा उभा करावा किंवा पहाटे काम उरकावे. सिलिंडर उन्हात ठेवणे तर कटाक्षाने टाळावे. कार्बन डायऑक्साइड 31 अंशांच्या वर द्रव राहतच नाही आणि सिलिंडरमधला दाब झपाट्याने चढतो. संध्याकाळी वस्तीतले सगळे कूलर सुरू झाले की व्होल्टेज खाली येते आणि जमवलेली सेटिंग बिघडते; म्हणून यंत्रासाठी मीटरपासून स्वतंत्र जाड वायर आणि 16 अँपिअरचा सॉकेट घेतला.

आता पावसाळ्यात तारेकडे लक्ष द्यावे लागते. तांब्याचा मुलामा असला तरी दमट हवेत तारेवर गंज चढतो, तो लायनरमध्ये (तार ज्यातून गनपर्यंत जाते त्या नळीत) साचतो आणि तार झटके देत बाहेर येते. काम संपले की रीळ काढून मी ते सिलिका जेलसह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करतो. हौशी वापराला 15 किलोचे रीळ स्वस्त पडत असले तरी 5 किलोचेच घ्यावे, म्हणजे गंज चढण्याआधी ते संपते.